डावीकडचं स्टूल

दवाखान्यातल्या खुर्चीच्या उजवीकडे डॉक्टरबाई बसायच्या आणि डावीकडे ताई. बावीस वर्षांत खुर्ची दोनदा बदलली, वरचा दिवा तीनदा बदलला, भिंतींना किती रंग लागले ते कोणी मोजलं नाही. पण डावीकडचं चाकांचं गोल स्टूल ताईचंच राहिलं. रुग्णाच्या तोंडातून नजर न काढता डॉक्टरबाई तळहात उघडायच्या आणि हवं ते हत्यार त्या तळहातावर येऊन टेकायचं. कधी आरसा, कधी चिमटा, कधी कापसाची गुंडाळी. मागावं लागायचं नाही. “मागितल्यावर द्यायचं, तर बावीस वर्षं मी इथे काय झोपा काढल्या?” असं ताई म्हणायची, आणि म्हणताना मान जराशी ताठ व्हायची.

तिला सगळे ताईच म्हणत. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, कवळी बसवायला आलेले आजोबासुद्धा.

आठ महिन्यांपूर्वी दवाखान्यात हसरी आली. हे नाव ताईने ठेवलेलं, आणि ते फक्त ताईच्या मनात चालायचं. सव्वीस वर्षांची, या कामाचा डिप्लोमा घेतलेली, लांब बोटांची. तोंडावर मास्क असूनही ही हसते आहे हे समोरच्याला कसं कळतं, याचा ताईने पुष्कळ विचार केला आणि शेवटी ‘नाटकं’ या एका शब्दात तो विषय संपवला. दुपारी डबा खाताना डॉक्टरबाई हसरीला आपल्या कॉलेजच्या दिवसांच्या गोष्टी सांगत. कुणी सापळ्याला टोपी घातली, कुणी परीक्षेत भलताच दात काढला. ताईने यातली एकही गोष्ट कधी ऐकली नव्हती. डॉक्टरबाई आणि ती बावीस वर्षं जवळजवळ न बोलता काम करत आल्या होत्या आणि ते ताईला मानाचं वाटायचं. आता मात्र तिला वाटायला लागलं, की आपल्याशी बोलण्यासारखं त्यांना काही सापडलंच नव्हतं की काय.

तरी तोवर स्टूल तिचं होतं. हसरी बाहेरच्या टेबलावर बसायची, कार्डं भरायची, हत्यारं उकळत्या वाफेच्या यंत्रात घालायची आणि काढायची. कार्डं भरणं हेसुद्धा मुळात ताईचंच काम. त्यावरचे सात प्रश्न तिने स्वतः ठरवलेले. फार वर्षांपूर्वी एक शिंपी दाढ काढायला आला होता. इंजेक्शन दिल्यावर दोन मिनिटांत त्याच्या छातीत इतकं धडधडायला लागलं, की शर्ट हललेला दिसत होता. नंतर कळलं, त्याचा थायरॉइड जोरात चालत होता आणि त्याने ते सांगितलं नव्हतं, कारण त्याला कोणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून चौथा प्रश्न थायरॉइडचा. रुग्ण हसायचे. दुखतोय दात आणि विचारताय गळ्याचं?

“इंजेक्शनात दोन औषधं असतात,” ताई त्यांना न कंटाळता सांगायची. “एक बधिर करणारं. दुसरं रक्तवाहिन्या आवळणारं, म्हणजे बधिरपणा टिकतो आणि रक्त कमी येतं. ते दुसरं हृदयाला पळवतं. ज्याचं हृदय आधीच पळतंय त्याला आणखी ढकलायचं नसतं. म्हणून विचारते. सांगा, गोळ्या कुठल्या?”

हे सगळं तिने हसरीला शिकवलं होतं. हसरीने वहीत लिहून घेतलं होतं, आणि ताईला त्याचाही राग आला होता. असलं लिहून घ्यायचं असतं होय? ते अंगात मुरावं लागतं.

मग एका सकाळी ताईच्या हातातला आरसा रुग्णाच्या दातावर वाजला. टिक्‌, टिक्‌, टिक्‌. अगदी बारीक आवाज, पण डॉक्टरबाईंनी वर बघितलं. ताईने आरसा मागे घेतला. “काल कपडे फार धुतले,” ती म्हणाली. आपल्या बोटांच्या टोकांना काय झालंय हे तिला दोन आठवड्यांपासून माहीत होतं. हात समोर पसरले की बोटं वाऱ्यावर असल्यासारखी थरथरायची. सारखी भूक लागायची, खाल्लेलं कुठे जायचं कळत नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, “काय बारीक झालीस गं, काय करतेस सांग ना आम्हाला.” ताईला ते ऐकायला आवडायचं आणि ती काही सांगायची नाही. झोप उडालेली, कंगव्यात केसांचे पुंजके, भर पंख्याखाली घाम.

नवऱ्याने तिला फिजिशियनकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड जोरात.

“गोळ्या दिवसातून तीन वेळा,” फिजिशियन म्हणाले. “सोबत धडधड कमी करणारी ही दुसरी. हात स्थिर व्हायला दोन-तीन महिने जातील. तोवर नाजूक काम करू नका. आणि दाताचं काही करायचं झालं तर आधी सांगायचं. अर्थात तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्यातल्याच.”

दोन-तीन महिने. ताईने बाकीचं काही ऐकलं नाही. दोन-तीन महिने म्हणजे हसरी स्टुलावर. आणि एकदा का डॉक्टरबाईंच्या तळहाताला त्या लांब बोटांची सवय झाली, की मग कसली ताई आणि कसलं काय.

तिने दवाखान्यात कोणाला सांगितलं नाही. दुपारची गोळी तिघी एकत्र जेवायच्या तेव्हा घ्यावी लागली असती, म्हणून ती राहायची. सकाळची घाईत राहायची. रात्रीची, नवरा समोर उभा राहून बघायचा म्हणून, घेतली जायची. “तिन्ही घेतेस ना?” तो विचारायचा. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायचा आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर त्याचा फार विश्वास होता.

“घेते की.”

“रंग नाही दिसत घेतल्याचा.”

“तुला आता माझ्या तोंडावर लिटमस लावायचाय का?”

तो हसायचा.

हसरीने एकदा विचारलं होतं. वाफेच्या यंत्राजवळ दोघी उभ्या होत्या, ताई ट्रे लावत होती आणि चिमटे एकमेकांवर किणकिणत होते. “ताई, तुमचे हात थरथरतात का हो?”

“तुझे डोळे थरथरत असतील,” ताई म्हणाली. “ट्रे नीट बघ, दोन आरसे कमी आहेत.”

आरसे कमी नव्हते. हसरीने पुन्हा विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात ताईला चार दिवस ताप आला आणि हसरी स्टुलावर बसली. ताई परत आली त्या दिवशी एक बाई रूट कॅनलला आल्या होत्या. त्यांनी आत बघून विचारलं, “ती मुलगी नाही का आज?” ताई म्हणाली, “आहे ना. बाहेर आहे.” आणि त्या दिवशी दुपारी ताई हात धुवायला गेली, परत येईपर्यंत डॉक्टरबाईंनी तळहात उघडला होता आणि हसरीने त्यावर बरोबर हवं ते हत्यार ठेवलं होतं. न मागता. ताई दारातच थांबली. तिने ते बघितलं, आणि कुणीतरी तिच्या घरात शिरून तिच्या भांड्यात पाणी पितंय असं तिला वाटलं.

पुढच्या सोमवारी तिची दाढ दुखायला लागली.

खालची, डावीकडची. आठ वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनीच भरलेली. भरणाच्या कडेने कीड आत गेली होती. भुकेच्या नादात दिवसभर तोंडात गोड गोळी ठेवायची सवय लागली होती, आणि आजारही आपल्या परीने दात पोखरत होता. पण ताईने फक्त पहिल्या कारणाला दोष दिला. मंगळवारी रात्रभर कानापर्यंत कळा. बुधवारी सकाळी गालावर हात ठेवूनच ती दवाखान्यात आली.

डॉक्टरबाईंनी आरशाने बघितलं, बोटाने हिरडी दाबली. “हे काय करून ठेवलंस? ही आता राहत नाही. साडेअकराला रिकामा वेळ आहे, काढून टाकू.”

“मदतीला?” ताईने विचारलं, जरी दवाखान्यात हसरीशिवाय तिसरं कोणी नव्हतं.

“ही आहे ना.”

ताईने मान हलवली. आपल्याच खुर्चीत आपण आडवं पडायचं आणि ती आपल्या स्टुलावर बसणार, हे दाढेपेक्षा जास्त ठणकलं.

इथल्या माणसांचे दात तपासताना कार्ड कधी केलं जायचं नाही. आपल्या माणसाला कसलं कार्ड, अशी पद्धत पडली होती. ताईने दोन दाढा इथेच भरून घेतल्या होत्या, डॉक्टरबाईंनी कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडून इथेच आपली कॅप बसवून घेतली होती, आणि दोघींच्या नावाचा एक कागदही कपाटात नव्हता. पण साडेअकराला हसरी कोरं कार्ड घेऊन ताईसमोर उभी राहिली.

“हे काय?”

“तुमचं कार्ड, ताई. नव्हतंच. सात प्रश्न.”

“माझे प्रश्न मलाच?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना, कुणालाही सोडायचं नाही.”

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच ताईला खटकलं. ती बसली. हसरीने विचारायला सुरुवात केली, अगदी ताईच्या चालीवर, ताईच्याच शब्दांत. रक्तदाब? नाही. साखर? नाही. कुठल्या औषधाने कधी पुरळ? नाही.

“थायरॉइड?”

ताईने तिच्याकडे बघितलं. हसरी पेनाकडे बघत होती. म्हणजे हिला संशय होता. हो म्हटलं की दहा मिनिटांत डॉक्टरबाईंना कळणार, गोळ्यांचं कळणार, हातांचं कळणार. आणि नाही म्हटलं तर ती उघड थाप होईल, तीही आपणच घातलेल्या प्रश्नाला. ताईला दोन्ही जमेना.

“पुढे चल,” ती म्हणाली. “दाढ दुखतेय माझी. परीक्षा काय घेतेस?”

“ताई, पण तो चौथा…”

“तू मला शिकवणार? पुढे चल म्हटलं ना.”

हसरी थांबली. मग ती पुढे गेली. पाच, सहा, सात. बोटाला नाडीचं यंत्र लावलं. एकशे चौदा.

“जास्त आहे,” ती म्हणाली.

“दुखणाऱ्या माणसाची नाडी काय पाय पसरून बसलेली असते?”

खुर्चीतून वरचा दिवा फार मोठा दिसतो, हे ताई इतकी वर्षं रुग्णांना सांगत आली होती. आज तिने तो खालून बघितला. डावीकडून हसरी स्टूल ओढून आली. चाकं वाजली, आणि वाजली तेव्हा ताईला कळलं, की हिने स्टुलाची उंची बदलली आहे. लांब पायांसाठी वर केली होती. कधी केली असेल? त्या चार दिवसांत? की रोज ताई घरी गेल्यावर ही इथे बसून बघते? डॉक्टरबाईंनी तळहात उघडला. सुई आली. ताईने ती येताना बघितली, आतल्या काचेच्या नळीवरची पट्टी बघितली आणि त्या पट्टीचा रंग तिला पाठ होता. रक्तवाहिन्या आवळणारं औषध असलेली नळी. तोंड उघडं होतं, जीभ मोकळी होती. एक शब्द बोलायला अजून वेळ होता.

हसरी वाकून म्हणाली, “घाबरू नका हं, ताई.”

त्या ‘हं’ने सगळं घालवलं. हे ‘हं’ ताईचं होतं. रुग्णांना ते तिने दिलं होतं. ताईने डोळे मिटले.

सुई टोचली, कळ आली, गेली. डॉक्टरबाई नेहमीसारखं हळूहळू औषध सोडत होत्या. अर्धी नळी गेली असेल नसेल, आणि ताईच्या छातीत कुणीतरी जिन्यावरून धावत सुटलं. मग दोन जण. मग पूर्ण शाळा सुटल्यासारखं. ओठ गार पडले, मानेच्या शिरा ठोके देऊ लागल्या, हात आपोआप उठले आणि हवेत थरथरले, लपवायला काही उरलं नाही.

“थांबते,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सुई बाहेर काढली. “उठव हिला. पाठ वर कर. यंत्र लाव.”

यंत्राने एकशे बावन्न दाखवलं. मग एकशे अठ्ठावन्न. डॉक्टरबाईंनी ऑक्सिजनचा मुखवटा तिच्या तोंडावर धरला, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. त्यांचा दुसरा हात ताईच्या मनगटावर होता आणि तो त्यांनी उचलला नाही. “माझ्याकडे बघ. हळू श्वास घे. औषध उतरतं, दहा मिनिटांत उतरतं. बघ माझ्याकडे.” बावीस वर्षांत त्या इतकं बोलल्या नव्हत्या. छाती फुटायच्या बेतात असतानाही ताईला जाणवलं, की हसरी आता मागे, भिंतीपाशी उभी आहे, आणि तिला एका क्षणापुरतं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला पुढे पुष्कळ दिवस लाज वाटली.

बाराव्या मिनिटाला आकडा एकशे तीसवर आला आणि तिथे रेंगाळला. डॉक्टरबाई सरळ झाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आता त्यांना राग यायला मोकळीक होती.

“हे उगाच होत नाही. अर्ध्या नळीत नाही. कार्ड कुठे आहे?”

हसरीने कार्ड दिलं. डॉक्टरबाईंची नजर रकान्यांवरून खाली गेली आणि परत वर येऊन थांबली.

“चौथा रिकामा का?”

वाफेच्या यंत्राने आपलं काम संपवून शिट्टी दिली.

“मी विचारतेय. सात प्रश्नांतले सहा भरलेत. एक रिकामा. आणि तोच रिकामा. का?”

“राहिला माझ्याकडून,” हसरी म्हणाली.

ताईने मुखवट्याच्या वरून तिच्याकडे बघितलं. हसरी हसत नव्हती. कान लाल झाले होते.

“राहिला म्हणजे?” डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. आवाज खाली आला की ते जास्त वाईट असतं, हे ताईला माहीत होतं. “हा कागद आपण कशासाठी करतो? नुसता डिप्लोमा भिंतीला लावून भागत नाही. माझ्या हातून आज माणूस गेलं असतं. ज्याला प्रश्न राहतो त्याला मी खुर्चीजवळ उभं करणार नाही. कळलं?”

“हो,” हसरी म्हणाली. “मला शंका होती. मी विचारायला हवं होतं.”

झालं. ताईला आठ महिने जे हवं होतं ते कोणीतरी ताटात वाढून तिच्यापुढे ठेवलं होतं. तिला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायला तोंडावर मुखवटाही होता. हसरी बाहेरच्या टेबलावर जाईल, कदाचित त्याहूनही लांब जाईल. स्टूल पुन्हा खाली होईल. ताईने मनात ते सगळं बघितलं, आणि तिला त्यात सुख सापडेना. तिला दिसत होती ती भिंतीपाशी सरळ उभी राहिलेली मुलगी, जी न केलेली चूक अंगावर घेत होती, आणि किती शोभत होती तिला ती. उद्या डॉक्टरबाईंना खरं कळलंच, आणि ते कळणारच होतं, तेव्हा त्या म्हणतील, पोरीने तुला पाठीशी घातलं, वर तुझ्यासाठी बोलणीही खाल्ली. म्हणजे हात हिचा, ‘हं’ हिचं, गोष्टी हिला सांगायच्या, स्टूल हिचं. आणि आता माझी चूकसुद्धा हीच नेणार?

ताईने मुखवटा ओढून बाजूला केला.

“तिची नाही चूक,” ती म्हणाली. अर्धी जीभ बधिर होती, शब्द चिकटत होते. “माझी आहे.”

“तू बोलू नकोस,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“बोलणार. तिने विचारलं. मीच म्हटलं पुढे चल. माझा थायरॉइड जोरात आहे. अडीच महिने झाले. गोळ्या आहेत, मी घेत नाही. रात्रीची तेवढी घेते.” ती श्वास घ्यायला थांबली. “हिला काय माहीत. हिची कशी असेल चूक? मी बावीस वर्षं हे करतेय. ही चूक करायला तेवढी वर्षं लागतात.”

डॉक्टरबाईंनी हसरीच्या रिकाम्या स्टुलावर बसकण मारली, जिथे त्या कधी बसल्या नव्हत्या.

“का?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही मला बाहेर बसवलं असतं.”

“बसवलंच असतं. दोन महिने. मग परत घेतलं असतं.”

“मग परत कशाला घेतलं असतं? हिच्या हाताची सवय झाली असती तुम्हाला.”

“म्हणून तू माझ्या हातून मरणार होतीस?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “म्हणजे मी जन्मभर तुझ्याच हाताची आठवण काढत बसले असते, असं का?”

ताईला हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर, सुचलं असतं तर तिला ते थोडं आवडलं असतं.

फिजिशियनला फोन झाला. त्यांनी हृदयाचा आलेख काढायला आणि रात्रभर देखरेखीसाठी तिला इस्पितळात पाठवायला सांगितलं. वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल द्या, अ‍ॅस्पिरिन मुळीच नको, त्या गोळीने अंगातला थायरॉइडचा रस आणखी मोकळा होतो, असं त्यांनी दोनदा बजावलं. नवरा प्रयोगशाळेतून तसाच आला, हाताला निळे डाग घेऊन. त्याला सगळं कळलं तेव्हा तो रागावला नाही. बिछान्याशेजारी बसून तो पुष्कळ वेळ गोळ्यांच्या पट्ट्या उलटसुलट करत राहिला. किती उरल्या होत्या ते उघडच दिसत होतं.

“मला तरी सांगायचंस,” तो म्हणाला.

“तू डॉक्टरबाईंना फोन केला असतास.”

“केला असता.”

“म्हणूनच.”

तीन दिवसांनी डॉक्टरबाईंनी दाढेतली कीड थोडी काढून आत औषध भरलं. त्या वेळी साध्या नळीतलं इंजेक्शन होतं, दुसरं औषध नसलेलं. दाढ काढायची ती नंतर, रिपोर्ट सुधारल्यावर. तोवर ताई बाहेरच्या टेबलावर. आतला प्रत्येक आवाज तिथे येत होता. चाकांचा, पाण्याचा, डॉक्टरबाईंच्या हसण्याचा. कार्डं भरता भरता ताई कान देऊन ऐकायची. कधी हसरीकडून काही पडलं की तिच्या पेनाला जोर यायचा. कधी काही पडायचंच नाही, सबंध दुपार, आणि ते सर्वांत अवघड जायचं. दुपारी तिघी जेवायला बसल्या की ती सगळ्यांसमोर गोळी घ्यायची. हसरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवायची. ताई तो ग्लास न घेता आपली बाटली उघडायची.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, “तू तेव्हा का म्हणालीस, राहिला माझ्याकडून?”

“राहिलाच होता ना. तुम्ही ओरडलात म्हणून मी सोडला. दुसरा कुणी रुग्ण ओरडला असता तर सोडला नसता.” हसरीने डब्याचं झाकण लावलं. “मी तुम्हाला भिते, ताई.”

ताईला हे ऐकून बरं वाटलं, आणि मग नाही वाटलं.

सात आठवड्यांनी नाडी अठ्ठ्याहत्तरवर आली. रक्तही पुन्हा तपासलं, कारण त्या गोळ्यांनी कधी कधी पांढऱ्या पेशी कमी होतात आणि मग जखम चिघळते. पण पेशी ठीक होत्या. फिजिशियनने होकाराचा कागद दिला. एका गुरुवारी साडेअकराला ताई पुन्हा खुर्चीत आडवी झाली. तिने दोन्ही हात समोर पसरून बघितले. बोटं जागच्या जागी होती.

“सोमवारपासून आत ये,” डॉक्टरबाई सुई भरता भरता म्हणाल्या. “तीन दिवस तू, तीन दिवस ही. मला दोघींची सवय करून घ्यावी लागेल, आता म्हातारपणी.”

“शस्त्रक्रियेचे दिवस कोणाचे?” ताईने विचारलं.

“तोंड उघड.”

साध्या नळीचा बधिरपणा लवकर उतरतो, म्हणून भराभर काम चाललं होतं. दाढ कुरकुरत होती. डॉक्टरबाई जोर लावत होत्या, आणि हसरी तोंडातलं पाणी आणि रक्त ओढणारी नळी धरून होती. नळीचं टोक मागे सरकलं आणि जिभेच्या मुळाला लागलं. ताईला उबळ आली. डॉक्टरबाईंना थांबावं लागलं. मग पुन्हा सुरू, आणि पुन्हा तीच उबळ.

चुकली, ताईच्या मनाने टाळी वाजवली. डिप्लोमावालीचं चुकलं. तिने दिव्याकडे बघितलं, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की सोमवार, मंगळवार, बुधवार ती स्वतः इथे असेल. पण बाकीचे तीन दिवस इथे आडव्या पडणाऱ्या माणसांना हीच उबळ येणार आहे.

तिने हात वर केला आणि हसरीचं मनगट धरलं. डॉक्टरबाई थांबल्या. ताईने ते मनगट थोडं बाहेरच्या अंगाला वळवलं, कोपर खाली दाबलं आणि नळीचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, मागच्या दाढेच्या शेजारी नेऊन टेकवलं. तिथे जीभ लागत नाही आणि पाणी आपोआप साचतं. तिचा हात हलला नाही. मग तिने तो सोडला.

हसरीने नळी तिथेच धरली. डॉक्टरबाईंनी पुन्हा जोर लावला. या वेळी उबळ आली नाही. दोन मिनिटांनी हत्यार बदलायला म्हणून हसरीने नळी बाहेर काढली आणि परत आत घातली, तेव्हा ती कोणी न सांगता बरोबर त्याच जागी गेली. पहिल्याच खेपेला.

एवढ्या लवकर शिकायला हिला कुणी सांगितलं होतं, असं ताईच्या मनात आलं. पण दाढ निघाली होती आणि डॉक्टरबाईंनी तिच्या तोंडात कापसाचा बोळा दाबून ठेवला होता, तेव्हा तिला काही बोलता आलं नाही.